बेटाला दोन दारं असतात

आमच्या ऑफिसात मालदीवचं गिऱ्हाईक आलं की काका मान वर करत नसत. नवं लग्न झालेलं जोडपं, तिच्या हातावर मेंदी, त्याच्या मोबाईलमध्ये निळ्या पाण्यावरच्या झोपड्यांचे फोटो. असं कुणी त्यांच्या टेबलापाशी उभं राहिलं की ते चष्म्याच्या वरून एकदा बघत आणि म्हणत, "मालदीव देश आहे. त्याला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे. देश पलीकडच्या टेबलावर."

पलीकडचं टेबल माझं होतं. अख्खं जग माझ्याकडे होतं आणि त्यातली थोडीशी बेटं त्यांच्याकडे. बेट त्यांचं व्हायला एकच अट होती: त्या बेटाला दूरचा कुणी मालक असला पाहिजे. फ्रान्सचं, इंग्लंडचं, अमेरिकेचं, हॉलंडचं, ऑस्ट्रेलियाचं. आणि ते गरम पट्ट्यातलं हवं. बर्फाच्या बेटांबद्दल विचारलं की म्हणत, "तिथे माणूस हौसेने जातो. त्याला माहिती लागत नाही, स्वेटर लागतो."

अबुधाबीत हमदान स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, एका कॅफेटेरियाच्या डोक्यावर आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. तीन टेबलं, काचेच्या केबिनमध्ये केरळचे मॅनेजर आणि एक प्रिंटर. काका वसईचे. ऑफिसात सगळे त्यांना 'अंकल' म्हणत, मी एकटी 'काका' म्हणायची. ते मला 'बाय' म्हणत. आमच्याकडे, सोलापूर जिल्ह्यात, बाय म्हणजे म्हातारी बाई. पहिल्या दिवशी मी दचकले. मग कळलं की वसईत पोरीला मायेने असंच म्हणतात.

मी माझ्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील बाजार समितीत हमाली करायचे. तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. झाले, लग्न झालं, नवरा इथल्या मुसफ्फा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये होता म्हणून इथे आले. शाळेत भूगोल मला फार आवडायचा. गुरुजी राजधान्या पाठ करून घ्यायचे आणि नकाशात देश रंगवायला लावायचे. फ्रान्स मी कायम जांभळा रंगवला. तो युरोपात होता, कडेने समुद्र होता आणि तिथेच तो संपत होता. हे सांगायचं कारण पुढे येईल.

नोकरीच्या पहिल्या सकाळी काकांनी एक फुलस्केप कागद माझ्यापुढे ठेवला. डाव्या बाजूला त्यांच्या ठसठशीत अक्षरात मथळे आणि उजवीकडे माहिती. मालक कोण. पैसा. घड्याळ. प्लग. रस्त्याची बाजू. नळाचं पाणी. सुट्टीचा वार. आजारी पडलो तर. मेलो तर. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात नाव: अबुधाबी.

"काका, हे कशाला? मी इथेच राहते."

"तू आलीस कशी?"

"विमानाने."

"खाली काय दिसलं?"

"पाणी."

"मग? हेही बेटच आहे बाय. पूल एवढे झाले की लोक विसरले. नव्या जागी आलीस, पान वाच."

त्या पानावर एक मथळा बाकीच्या कुठल्याच पानावर नव्हता: 'शब्द'. त्याखाली लिहिलं होतं, 'यल्ला म्हणजे चल. खलास म्हणजे संपलं, वाद नको. इन्शाल्ला म्हणजे हो नाही, आणि नाहीपण नाही; दुसऱ्या दिवशी परत विचारणे.' पहिल्या वर्षभरात या तीन ओळींनी मला जेवढं सांभाळलं तेवढं कॉलेजच्या कुठल्या पुस्तकाने सांभाळलं नाही.

अशी त्यांच्याकडे एक अख्खी फाईल होती. एका बेटाला एक पान. आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाईलवर मिळतं. मॅनेजर रोज म्हणायचे, "अंकल, गूगल है ना!" काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "गूगल जाऊन आलाय?" जाऊन आलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय ते उजवीकडची ओळ शाईने भरत नसत. ऐकीव माहिती पेन्सिलने. कुणी परत येऊन खरं आहे म्हणालं की पेन्सिलीवर शाई फिरायची.

त्यामुळे आमच्याकडून बेटावर गेलेल्या माणसाची परत आल्यावर सुटका नसे. काका स्वतः फोन करून त्याला बोलावून घेत, खालून करक चहा मागवत आणि समोर बसवून विचारत. लोक समुद्राचे फोटो दाखवायला लागत. काका फोटो बाजूला सारून विचारत, "नळाचं पाणी प्यायलात?"

"नाही अंकल, बाटलीचं."

"आठ दिवस?"

"हो."

"मग गेलात कशाला?"

एकदा एका साहेबांना त्यांनी विचारलं, तिथे रविवारी पाव मिळतो का. साहेब हॉटेलात उतरले होते, त्यांना काय ठाऊक! काकांनी ती ओळ पेन्सिलीचीच ठेवली आणि साहेब गेल्यावर मला म्हणाले, "एवढा लांब गेला आणि पाव कुठून येतो ते बघितलं नाही."

त्यांच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बिस्किटं नव्हती, प्लग होते. दोन गोल पिनांचे, तीन चपट्या, दोन तिरक्या, सगळ्या मुलखांचे. तिकीट हातात देण्याआधी ते डबा पुढे करत आणि म्हणत, "तुमचा ओळखा." प्रवासी मोठमोठी माणसं असत, तेल कंपनीतले इंजिनियर वगैरे. तीही निमूट डब्यात हात घालत. चुकीचा प्लग काढला की काकांना कोण आनंद होई.

ते स्वतः कुठेच गेले नव्हते. दोन वर्षांतून एकदा वसई, आणि परत. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला एकदा तरी जावंसं वाटत नाही?" तर म्हणाले, "मी गेलो तर इथे विचारणार कोण?"

बेटांचंच वेड का, हे मी त्यांना तीनदा विचारलं आणि मला तीन उत्तरं मिळाली. पहिल्यांदा म्हणाले, मोठे देश कुणीही विकतो. दुसऱ्यांदा म्हणाले, त्यांचे वडील अर्नाळ्याच्या बेटावर होडी न्यायचे. किनाऱ्यावरून बेटावरच्या घरातली चूल पेटलेली दिसायची, पण भरतीवारा नीट नसला की तिथे जाता यायचं नाही. "समोर दिसतं म्हणजे पोचता येतं असं नाही बाय." तिसऱ्यांदा म्हणाले, तुझं काम कर.

चुकीबद्दल मात्र त्यांचा एक नियम होता. पानाच्या पुढे माहिती, मागे चूक. ज्या बेटाच्या बाबतीत आपल्या हातून काही चुकलं असेल ते त्याच पानाच्या पाठीवर लिहायचं. नाव नाही, तारीख नाही, फक्त काय झालं ते. बऱ्याच पानांच्या पाठी भरलेल्या होत्या आणि अक्षर बहुतेक त्यांचंच होतं. मी नवी असताना ते वाचून मला हसू यायचं. 'रस्त्याची बाजू उलटी सांगितली. गाडी भाड्याने घेतलेल्या माणसाने संध्याकाळी फोन करून शिव्या दिल्या. शिव्या योग्य होत्या.'

इथली सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर गेली तेव्हा सगळे खूश झाले, काका सोडून. ते चर्चला जाणारे. इतकी वर्षं त्यांनी शुक्रवारी मास, म्हणजे रविवारची प्रार्थना, ऐकला होता. "शुक्रवारी रविवार करायची सवय लागली होती," म्हणाले. "आता रविवारी रविवार म्हणजे काहीतरी विसरल्यासारखं वाटतं." आणि अबुधाबीच्या पानावर 'सुट्टीचा वार' या ओळीत त्यांनी खाडाखोड न करता नवा वार जुन्याच्या शेजारी लिहिला.

या सगळ्याला मी हसत होते, हे खरं सांगायला हवं. आदर होता, पण आतून वाटायचं की म्हातारपणी माणसाला एक खेळ लागतो, तसा हा खेळ आहे. मग सुनंदाताई आल्या.

सुनंदाताई मालवणकडच्या. इथे एका अरबी कुटुंबात मुलं सांभाळायच्या, नऊ वर्षं झाली होती. मे महिन्यात, दुपारच्या रणरणत्या उन्हात त्या जिना चढून आल्या आणि मराठी ऐकून थेट माझ्याच टेबलाशी बसल्या. काका तेव्हा आत मॅनेजरांच्या केबिनमध्ये होते.

"माझ्या चेडवाक दिवस गेलेत गो," त्या म्हणाल्या. "पयला बाळंतपण. आमच्याकडे पयला माहेरी करतत. पण ती येवची कशी? इतक्या लांबून? मगे मी म्हटलंय, ती येवची नसात तर ही आवस जातली."

त्यांची मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकून मॉरिशसला कामाला गेली होती. तिथे शेजारच्या बेटावरचा एक मुलगा भेटला, लग्न झालं. त्याचं आडनाव तमिळ होतं. त्याच्या पणजोबांच्या आधीचं कुणीतरी उसाच्या मळ्यात मजुरीला गेलं होतं, ते तिथलंच झालं. त्या बेटाचं नाव रियुनियन. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. मालक फ्रान्स.

मी व्हिसाचं विचारलं तेव्हा सुनंदाताईंनी पर्समधून पासपोर्ट काढला आणि अभिमानाने उघडून दाखवला. फ्रान्सचा व्हिसा. चांगला दोन वर्षांचा, कितीही वेळा जा-ये करायचा. त्यांची मॅडम दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन पॅरिसला जायची आणि यांना बरोबर न्यायची.

मी नकाशातला माझा जांभळा फ्रान्स आठवला आणि म्हणाले, "ताई, मग काहीच करायला नको. फ्रान्सचंच बेट, फ्रान्सचाच व्हिसा. मॅडमनी रजेची तारीख सांगितली की या, तिकीट काढून देते."

त्या इतक्या खूश झाल्या की खालून माझ्यासाठी फणसाचे काप घेऊन परत वर आल्या.

चार आठवड्यांनी त्या तिकिटाला आल्या. गुरुवारपासून रजा मिळाली होती, मुलीचे दिवस भरायला अजून अडीच आठवडे होते. दुबईहून मॉरिशस, तिथून छोटं विमान. मी बुकिंग केलं आणि कागद प्रिंटला टाकला. प्रिंटर काकांच्या खुर्चीमागे होता आणि त्यातून निघणारा प्रत्येक कागद ते वाचत.

"रियुनियन कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. म्हणजे या ताईंचं. तुम्ही कामात होता म्हणून..."

"मालक कोण?"

"फ्रान्स."

"व्हिसा?"

"आहे ना. फ्रान्सचाच."

काका उठून माझ्या टेबलाशी आले. सुनंदाताईंना नमस्कार केला, पासपोर्ट मागून घेतला आणि व्हिसाच्या चिकटवलेल्या कागदावर एका ओळीखाली नख धरलं. "कुठे चालतो ते इथे लिहिलेलं असतं. वाच."

"शेंगेन स्टेट्स. एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश."

"बेट शेंगेनमध्ये आहे?"

"फ्रान्स आहे की काका."

"मी फ्रान्स नाही विचारलं. बेट विचारलं."

मी परत व्हिसाची ती ओळ वाचली. केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. "अंकल, टाइम वेस्ट मत करो. फ्रान्स है तो फ्रान्स का वीजा चलेगा ना."

"नहीं चलेगा," काका म्हणाले. मग मराठीत, माझ्याकडे न बघता, सुनंदाताईंना म्हणाले, "ताई, बेटाला दोन दारं असतात. एक मालकाच्या घराचं आणि एक बेटाचं स्वतःचं. तुमच्याकडे मालकाच्या दाराची किल्ली आहे. बेटाचं दार वेगळं. सवलती असतात काहींना, पण त्या ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर आणि कारणावर. तुमच्यासाठी वेगळा शिक्का लागेल."

"पण मी ह्याच शिक्क्यावर दोनदा पॅरिसाक जावन इलंय!"

"पॅरिसला जाल. रियुनियनला नाही. दुबईच्याच काउंटरवर अडवतील. तिथे कुणी झोपेत असला तर मॉरिशसला अडवतील."

सुनंदाताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच फार वाईट होतं. "तू सांगितलंस मां, काय करुक नको म्हणान? मी चार आठवडे थांबलंय."

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "चूक आमची आहे."

आमची, म्हणाले. हिची नाही. तो शब्द मी अजून जपून ठेवला आहे.

त्या दिवशी दुपारी त्यांनी फाईल काढली आणि कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं पान माझ्यापुढे उलटं ठेवलं. तेही फ्रान्सचंच. पाठीवर त्यांचं अक्षर, शाई जुनी होऊन तपकिरी झालेली. 'एका खलाशाला पॅरिसच्या व्हिसावर पाठवलं. विमानतळावरून परत. त्याचं जहाज तिथून निघून गेलं. तो पुन्हा आपल्याकडे आला नाही.'

"माहिती अशी येते बाय," ते म्हणाले. मग रियुनियनचं पान काढलं. त्याची पाठ कोरी होती. पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, 'एका आईला सांगितलं की व्हिसा आहेच. तिचे चार आठवडे गेले.' काकांनी वाचून मान हलवली आणि पान फाईलमध्ये परत लावलं. विषय खलास.

पुढचे दोन आठवडे मात्र खलास नव्हते. सुनंदाताईंना एकच हवं होतं, मुलीच्या उशाशी आपण असणं. आणि ते आता एका शिक्क्यावर अडलं होतं. मुलीचे कागद हवे होते, जावयाचे हवे होते, मॅडमची परवानगी हवी होती, अपॉइंटमेंट हवी होती. जे काका साडेबाराला डबा उघडला नाही तर चिडायचे, ते भर दुपारी सिटी बसने ताईंबरोबर व्हिसा सेंटरला गेले. परत आले ते घामाने चिंब. डब्यातले सुके बोंबील तसेच राहिले होते. मॅनेजर म्हणाले, "अंकल, यह पिक-अप-ड्रॉप कब से चालू किया?" काका म्हणाले, "आज से."

अर्ज दिल्यावर वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. सुनंदाताई रोज दुपारी मुलांना झोपवून मला फोन करायच्या. "इलो?" "नाही ताई. इन्शाल्ला उद्या." मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "ता इन्शाल्ला तू म्हणू नको गो. काकांका म्हणूक सांग." मी फोन काकांकडे दिला. काका त्यांना इन्शाल्ला म्हणाले नाहीत. त्यांनी पान उघडलं आणि रियुनियनची माहिती वाचून दाखवायला लागले.

"जूनमध्ये तिकडे थंडी. स्वेटर घ्या."

पलीकडून ताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण काका म्हणाले, "अहो खरंच. विषुववृत्ताच्या खालचं सगळं उलटं. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा."

दुसऱ्या दिवशी ज्वालामुखी. "जिवंत आहे, पण वस्तीपासून लांब. राग आला की रस्ता बंद करतात, एवढंच." तिसऱ्या दिवशी समुद्र. "कुठेही उतरायचं नाही, शार्क आहेत. खडकांच्या कुंपणाआत पाणी उथळ असतं, तिथेच." चौथ्या दिवशी डोंगरातल्या दऱ्या. तिथल्या काही वस्त्यांना रस्ताच नाही, पायी जायचं नाहीतर हेलिकॉप्टरने, आणि पोस्टमनही चालतच. हे ऐकून ताई पहिल्यांदा फोनवर हसल्या. म्हणाल्या, आमच्या गावात पण पोस्टमन चलतच येता, पण हेलिकॉप्टर नाय.

मी ऐकत बसायची. शाळेत पाठ केलेला भूगोल मला मार्कांसाठी होता. हा भूगोल एका बाईला दिवस ढकलायला मिळत होता.

आणि घड्याळ. ती ओळ त्यांनी शेवटी वाचली. "घड्याळ: अबुधाबीचंच. एका मिनिटाचाही फरक नाही."

"म्हणजे आता तिकडे पण दोन वाजले?"

"दोन वाजून दहा."

त्यानंतर ताई फोनवर आधी वेळ सांगायच्या. "आता अडीच झाले. माझा चेडू जेवन निजला असतला."

मूल थांबलं नाही. आठ दिवस आधी, सोमवारी सकाळी मुलगी झाली. जावयाचा फोन ताईंना आला, ताईंचा मला. त्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "झाला. मी थंय नाय होतंय." फोन मी काकांना दिला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

काकांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "आता पुढचं काय असतं तुमच्यात? कितव्या दिवशी?"

पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, असं ताईंनी सांगितलं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. मुलीला यातलं काही येत नाही, आणि तिच्या सासरी सटवाई कुणाला ठाऊक नाही. हे आजीने करायचं असतं.

"सोमवार पहिला," काका बोटं मोजत म्हणाले. "शुक्रवार पाचवा. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत पोचायला हवं."

ते कॅथलिक माणूस. पण त्या आठवड्यात सटवाईची वेळ त्यांनी विमानाच्या वेळेसारखी डोक्यात धरली. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. मॅनेजरही आता चेष्टा करेनात. उलट बुधवारी संध्याकाळी त्यांनीच आपण होऊन गुरुवारच्या विमानातली एक जागा धरून ठेवली आणि मला म्हणाले, "अंकल को मत बताना." गुरुवारी सकाळी पासपोर्ट आल्याचा मेसेज आला. काका आणि ताई परत त्याच बसने गेले. शिक्का होता, बेटाच्या दाराचा.

दुपारी ताई बॅग घेऊन ऑफिसात आल्या. बॅगेत हळदकुंकू, नारळ, सुपारी आणि अंगात स्वेटर. अबुधाबीत, जूनमध्ये, स्वेटर! "बॅगेत मावना नाय," म्हणाल्या. काकांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. ताईंनी हात घातला आणि न बघता दोन गोल पिनांचा प्लग काढला. बरोबर होता. काकांनी तो त्यांनाच देऊन टाकला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग त्यांनी दोन कागद दिले. एक मथळ्यांचा, उजवीकडे भरून आणायचा. आणि एक संपूर्ण कोरा.

"हा कशाला?"

"जे मी विचारलं नाही ते लिहायला. हा प्रत्येकाला देतो. आजवर कुणी काही लिहून आणलं नाही." आणि एजन्सीचं नाव छापलेलं एक पेन त्यावर ठेवलं.

शुक्रवारी आम्ही तिघं घड्याळाकडे बघत काम करत होतो. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. लालबुंद चेहऱ्याचं, डोळे घट्ट मिटलेलं बाळ आणि त्याच्या डोक्याशी स्वेटरची बाही. काकांनी फोटो बघितला आणि विचारलं, "किती वाजता पोचल्या म्हणे?"

"आत्ताच."

"आत्ताच म्हणजे किती?"

"काका, तिकडेही चार वाजून पाचच झालेत."

ते हसले. त्यांच्याच पानावरची ओळ ते विसरले होते.

सुनंदाताई ऑगस्टमध्ये परत आल्या. काकांनी करक मागवला. ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून मथळ्यांचं पान काढलं. मुलीच्या अक्षरात नीट भरलेलं. नळाचं पाणी: पितात, पण मोठा पाऊस झाला की आधी विचारून. पाव: रविवारी सकाळी मिळतो, बेकरीत रांग असते. काका एकेक ओळ वाचून खूश होत होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "आणि दुसरा?"

ताई जरा घुटमळल्या. मग घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. त्याच्या एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं. बाकी कोरा.

"काकानू, माफ करा. ह्याच्यार काय लिवलंय नाय. त्या घरात सगळे कागद लिवलेले नायतर रेघांचे. कोरो असो तुमचोच होतो. पाचवीक बाळाकडे तोच ठेवलंय, आणि पेन पण तुमचाच. जावयान केळीचा पान आणल्यान, त्याच्यार मांडला सगळा."

मॅनेजर केबिनच्या दारातून बघत होते. "क्या लिखा है अंकल?"

काकांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. पुढून बघितला, मागून बघितला. ते प्रत्येक पानाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून फाईलला लावत असत. मशीन त्यांनी हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. माझ्याकडून प्लास्टिकचं पाकीट मागून घेतलं, कागद त्यात सरकवला आणि रियुनियनच्या पानामागे, माझ्या चुकीला लागून, ठेवला.

मग ताईंकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारलं, "पेन परत आणलं?"

"नाय. ता नातीच्या पाळण्याक बांधून ठेवलंय."

"बरं," काका म्हणाले. "शाई आहे अजून त्यात."

पुढच्या वर्षी ते वसईला परत गेले, कायमचे. वय झालं होतं, व्हिसाची मुदत वाढवणं शक्य नव्हतं. निरोपाच्या दिवशी त्यांनी फाईल आणि बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले. आता मालक असलेली बेटं माझ्याकडे असतात. जाऊन आलेल्यांना मी चहा देते आणि नळाच्या पाण्याबद्दल विचारते. लोक हसतात, मला त्याचं काही वाटत नाही. मथळ्यांच्या पानाबरोबर कोरा कागद मीही प्रत्येकाला देते.

काकांना रविवारी सकाळी फोन करायचा, असं मी ठरवून टाकलं आहे. ते चर्चहून येऊन अंगणात बसलेले असतात. नऊ वाजलेले असतात त्यांच्याकडे. फोन उचलल्यावर माझी, माझ्या नवऱ्याची चौकशी करायच्या आधी ते विचारतात, "बाय, तुझ्याकडे किती वाजले?"

दीड तासाचा फरक त्यांना पाठ आहे. बेरीज-वजाबाकी त्यांच्याइतकी पक्की कुणाची नाही. तरी मी घड्याळात बघून सांगते, "साडेसात, काका."

मग ते म्हणतात, "तिकडेही साडेसात. आज रविवार. म्हणजे ती अजून झोपली असेल."

कोण, ते मी कधी विचारलं नाही.